कड्यात घोडा निघाला तर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले नगराध्यक्ष माननीय हार्टविग नॉयबेर्ट, व्यासपीठावरचे पास्टरसाहेब, कातारी मंडळाचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती आदरणीय एरेनफ्रीड ल्योश्नर (याला मी जन्मात पहिल्यांदा आदरणीय म्हणतेय, त्याने हसू नये), त्याच्या सूनबाई रामोना, आणि आज खिडक्यांतल्या नाताळाच्या मेणबत्त्यांच्या कमानी उतरवून, माळ्यावर टाकून, तरीही वेळेवर पोहोचलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी गेरलिंडे. एरेनफ्रीड खेळण्यातली लाकडाची जनावरं कातून काढतो आणि अंगणापलीकडे बसून मी त्यांना कान-शेपट्या चिकटवते, रंगवते. याच कामात आमच्या दोघांचे केस पांढरे झाले. म्हणून मंडळाने बोलायला मला उभं केलं असावं. नाहीतर माझ्या हाती माईक देण्याची हिंमत कोण करणार?

अध्यक्षमहाराज, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हा निरोप समारंभ आहे की नाही, हे अजून ठरायचंय! खरंच सांगते. टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं ते लाकडी कडं बघा. काल ते रामोनाने कातलंय, स्वतः घडवलेल्या हत्याराने. आणि एरेनफ्रीडने आम्हा सगळ्यांना बजावलंय, "त्यात घोडा निघाला तर मी घरी बसतो. नाही निघाला तर फुलं परत न्या, सोमवारी मी लेथवर उभा."

आता त्याचा हात थरथरतो, हे काय लपून राहिलंय? फिरत्या लेथसमोर हात थरथरला की बोटं जातात. त्या धास्तीने रामोनाला झोप नाही. आणि हा हट्टी माणूस म्हणतो, "घोडा कातणारं कुणी तयार झाल्याशिवाय मी जाणार नाही." मग त्या कड्यावरून माझी नजर हटावी तरी कशी?

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी दोन शब्द. आमचे कातारी एकेक घोडा कातत नाहीत. ओल्या लाकडाचं कडं फिरवतात आणि हत्याराने त्यात खाचा, चढ, उतार पाडत जातात. नंतर ते कडं पावासारखं कापलं की प्रत्येक तुकडा एक घोडा. पण कापेपर्यंत आत काय झालंय ते दिसत नाही, सगळा अंदाज हाताचा. चुकलं तर एक घोडा बिघडत नाही, अख्खा कळप बिघडतो!

आणि घोड्याचं पोट, त्याच्या पुढच्या-मागच्या पायांमधली ती पोकळी काढायला एकच अरुंद, वाकडं हत्यार. एरेनफ्रीडच्या वडिलांनी जुन्या कानशीतून केलेलं. धार लावून लावून झिजलेलं, जेमतेम बोटाएवढं उरलेलं.

नाताळाच्या आधीची गोष्ट. नोहाच्या तारवांची, म्हणजे जनावरांच्या जोड्या भरलेल्या लाकडी जहाजांची, मागणी एवढी, की जेवायला फुरसत नव्हती. ते हत्यार बोथट झालं. रामोना रोस्टॉकची, बंदरावरची, हात भराभर चालणारा. तिने ते सुक्या, भरधाव ग्राइंडरवर दाबून धरलं. ठिणग्या काय उडाल्या! टोक निळं पडलं, तशी घाबरून तिने ते पाण्यात बुडवलं. चर्रर्र! अंगणातून एरेनफ्रीड ओरडला, "सूनबाई, कांदे परतायला घेतलेस की काय?"

आत येऊन त्याने ते निळं टोक उजेडात धरून पाहिलं. "पाणी उतरलं याचं, पोलाद मऊ पडलं," म्हणाला. "आता बुडवून काय उपयोग? निळं झालं ते मेलं. तेवढं घासून टाकलं तर मुठीत धरायलासुद्धा काही उरणार नाही."

पोर रडायला लागली. मीही तिथेच, हातात मेंढीची शेपटी घेऊन उभी. वाटलं, आता हा तिला फाडून खाणार. पण त्याने फळीवरची एक गंजकी कानस उचलली आणि तिच्यापुढे ठेवली. "माझ्या हाताने आता नवं व्हायचं नाही. तू कर. नाहीतर घोडा माझ्याबरोबर संपला."

मग जे सुरू झालं, ते काय सांगू! आमच्या अंगणात दुसरा विषय नाही. "आधी आकार दे, धार शेवटी! पातळ टोक आधी केलंस की तेच आधी जळतं." "दाबू नकोस गं, धारेच्या दगडाला त्याचं काम करू दे!" "हातमोजे काढ. बोट धारेजवळ ठेव. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात." धारेच्या उतारावर शाई फासायची, पाण्यातल्या दगडावर हत्यार हळू फिरवायचं, शाई कुठे पुसली, म्हणजे कुठे घासलं गेलं ते बघायचं, पुन्हा फासायची. रामोनाची बोटं आठवडेच्या आठवडे निळी! मी म्हटलं, "बाई गं, आता पोलादाऐवजी तूच जळायला लागलीस."

पहिलं कडं फोडलं, तर आत डुकरं निघाली. चांगली गुटगुटीत. मी विचारलं, "एरेनफ्रीड, कान कुणाचे लावू?" दुसऱ्यात निघालं ते काय होतं, हे नोहालाही सांगता आलं नसतं! तरी तिने हत्यार टाकलं नाही. पुन्हा दगडावर, पुन्हा शाई. आणि एरेनफ्रीड दारात बसून नुसता आवाज ऐकायचा. चार दिवसांमागे म्हणाला, "आज दगड ओरडत नाहीये. हात बसला तिचा."

तर अध्यक्षमहाराज, तुमची परवानगी असेल तर... रामोना, फडकं काढ. कड्यावर सुरी धर. एरेनफ्रीड, घे हातोडी. अरे, थरथरू दे, ठोका तर मारायचाय!

हं... फुटलं! थांबा, कोणी पुढे येऊ नका! आणखी एक ठोका. इकडे दे. दाखव ना रे! मान आहे. पाठ आहे. पाय... पुढचे-मागचे पाय सुटे! आणि पोट! अगं रामोना, घोडा आहे! मंडळी, घोडा आहे हो!

टाळ्या थांबवा जरा, तो अजून बोललेला नाही. पायांमधून अंगठा फिरवतोय. काय म्हणालास? मागच्यांना ऐकू आलं नाही. तो म्हणतोय, "पोट जरा सुटलंय." मग सुटू दे! तुझं नाही सुटलं?

अरे, हे काय करतोयस? मंडळी, त्याने कोटाच्या खिशातून कामाचा एप्रन काढला. म्हणजे हा सोमवारच्या तयारीनेच आला होता, लबाड! आता तो एप्रन रामोनाच्या गळ्यात घालतोय, आणि गाठ काही त्याच्याने बसत नाही. थांब, मी बांधते.

झालं. नगराध्यक्षसाहेब, निरोप समारंभ सुरू करा.

आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, मंडळाने मला ही संधी दिली, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात मानपानात काही कमीजास्त झालं असेल, डोळे पुसायला व्यासपीठावरचा टेबलक्लॉथ वापरला असेल, तर सांभाळून घ्यावं. आणि तो पहिला तुकडा मला द्या. त्याचे कान मी लावणार.