आखाजीची एकच चूल

काटकसरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, त्या विषयावर मी एकदा शिरपूरला, ताईच्या सासरी, पत्र पाठवून बसलोय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर पैसा उडतो, याचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. आमच्या घरी तर आईचा चष्मा फुटून दोन महिने झाले होते. मी जाहीर केलं, यंदा सणाला नुसता वरण-भात, आणि वाचलेल्या पैशांत चष्मा.

ताई माहेरी यायची होती. तिचे सासरे, म्हणजे आबा, त्यांनाही मी पत्रातून तत्त्व समजावलं. 'एका सणाला प्रत्येक घरात वेगळी चूल कशाला? नात्यातल्यांनी एकाच चुलीवर जेवावं.'

आखाजीच्या सकाळी ताई दारात उभी. मागे आबा, सासू, दीर, जावा, पोरं. मोजून अकरा जण!

"भाऊ, तुन्हं पत्र बठ्ठासले वाची दखाडं," मागच्या सगळ्यांकडे हात करत आबा म्हणाले. "एकदम पटनं. आम्ही आमनी चूल पेटाडीच नही!"

व्याह्यांच्या पानात वरण-भात कोण वाढणार? आईने चष्म्याचे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि एवढंच म्हणाली, "आंबे आण. हरभऱ्याची डाळही."

पुरणपोळ्या संपल्या, रसाचं पातेलं रिकामं झालं. मी धीर करून म्हणालो, "आबा, मला साधेपणा म्हणायचा होता."

"साधंच शे ना भो," आबा हात धुवत म्हणाले. "दिवाळीले बी आसंच करूत. तवय आंबा भेटाव नहीत, पन लाडू चालतीन."