कौसाबाईचं शेवटचं कडवं

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा — देवाच्या गाण्याला मालक असतो का? नाही म्हणता? सगळेच नाही म्हणता! बरं, मग ऐका.

चिंचोलीच्या भजनी मंडळात कौसाबाई. गवळण स्वतः रचायची, चाल स्वतः लावायची. एक गवळण तिनं लातूरला जाऊन हौसेनं रेकॉर्ड करून घेतली. शेवटच्या कडव्यात आपल्या रीतीप्रमाणं नाव — ‘कौसा म्हणे’!

त्याच मंडळातले पेटीवाले प्रल्हादराव. माणूस भाविक हो, पण मोबाइल हातात आला की आवरत नाही! बाईनं ऐकायला दिलेलं गाणं त्यांनी न विचारता नेटवर टाकलं. वर मोराचं चित्र, खाली ‘सेवा’. आणि लांब होतंय म्हणून शेवटचं कडवं — कापलं!

गाणं गावोगाव गेलं. पुढं शेजारच्या गावच्या सप्ताहात कौसाबाई उभी राहिली. म्हणाली, “माझी गवळण म्हणते.” पहिली ओळ झाली नाही तोच समोरची बाई ओरडली, “अगं बया! ही तर नेटवरची! स्वतःची म्हणून काय सांगतीस?” सगळा मांडव हसला. स्वतःच्या गाण्याची ती चोर ठरली, मंडळी! पुढं न गाता खाली बसली.

तडक गेली प्रल्हादरावांकडं.

“माझं नाव कुठं गेलं?”

“बाई, देवाचं गाणं! मी एक पैसा घेतला नाही.”

“पैशाचं कोण विचारतंय? अहो, आपण अभंग म्हणतो तेव्हा संतांचं नाव गाळून उठतो का कधी?”

प्रल्हादराव म्हणाले, “ते अभंग तरी आपण विचारून कुठं म्हणतो?”

बघा, काय वकील! बाई म्हणाली, “संतांचे अभंग सगळ्यांचे झाले. मी अजून जिवंत आहे! मला विचारायचं! काढता, का तक्रार करू? कायदा आहे तसा.”

आहेच, मंडळी! जो रचतो, जो चाल लावतो, त्याचा हक्क. फुकट वाटलं म्हणून सुटका नाही, नाव ठेवलं असतं तरी विचारावं लागलंच असतं.

प्रल्हादराव हसले. बाईनं खरंच तक्रार केली आणि गाणं नेटवरून उतरलं. तेव्हा कुठं यांचे डोळे उघडले! हात जोडून आले. “चुकलो, बाई. पण लोकांच्या मोबाइलात गेलेलं मी कसं परत आणू?”

बाईला फार वाईट वाटलं. म्हणाली, “तेच तर! ते कुणालाच आणता येत नाही.”

कुणालाच? का येत नाही? अहो, ते मोबाइल काय चंद्रावर आहेत? या मांडवात आहेत! मघाशी चहाला बसलो तेव्हा मोराच्या चित्राचं तेच गाणं मी या कानांनी ऐकलं.

कौसाबाई तिकडं बायकांत बसल्यात. मी त्यांना म्हटलं, गवळण म्हणा. त्या नको म्हणाल्या. अजून धीर होत नाही त्यांना.

म्हणून आता गजर नाही, आरती नाही. काढा मोबाइल. ते गाणं शोधा आणि पुसा. काका, तुम्हीसुद्धा! इकडं तिकडं काय बघता? मी उभा आहे. सगळ्यांचं पुसून होईपर्यंत वीणा खाली ठेवणार नाही.