खंडेनवमीचा गूळ

जबाब
ता. २७/११/२००४

मी विकास बाबूसिंग राठोड, वय २१ वर्षे, धंदा काही नाही (तबला शिकतो), मूळ रा. बोरीचा तांडा, ता. सेनगाव, हल्ली मुक्काम हिंगोली, ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

मी बी.ए. दुसऱ्या वर्षातून कॉलेज सोडले आहे. कॉलेजची व तबल्याच्या क्लासची वेळ एकच येत होती. नादवेल संगीत विद्यालय हे पुंजाजी सरांचे खासगी विद्यालय आहे. तिथे गाणे, तबला व नाच शिकवतात. कु. शितल प्रेमदास पवार ही तिथे गाणे शिकते. ती आमच्याच बंजारा समाजाची आहे, पण वडील नोकरीला असल्याने हिंगोलीतच लहानाची मोठी झाली. तांडा तिने पाहुणी म्हणूनच पाहिला आहे.

माझा हात जड आहे. सर मला नेहमी म्हणतात, "विकास, होळी लांब हाय अजून. डफ न्हाई, तबला हाय तो." दसऱ्याच्या आधी सर परीक्षेच्या तयारीसाठी शितलच्या साथीला दुसऱ्या मुलाला बसवत होते. तेव्हा ती म्हणाली, "सर, राहू द्या. परीक्षेला मला विकासचीच साथ पाहिजे. बाकीचे लय सोडून मधीच पळून राहिले."

मी तांड्यावर जाऊन आई जनकाबाई हिला सांगितले की, शितल म्हणते मला विकासचीच साथ पाहिजे. आईने ते आपल्या परीने घेतले. साथ म्हणजे तबल्याची साथ, हे मला कळत होते. आईला मी ते सांगितले नाही.

खंडेनवमीला विद्यालयात वाद्यांची पूजा होती. आई व मामा वसराम चव्हाण हे आले. मामा येणार हे मला माहीत होते, गूळ आणणार हे माहीत नव्हते. मामाने पिशवीतून गूळ काढून सर्वांच्या हातावर ठेवला. शितलला म्हणाला, "खा बाई, तोंड गोड कर." तिने प्रसाद समजून खाल्ला. लगेच मामा मोठ्याने बोलला, "पोरीनं गूळ खाल्ला. सोयरिक पक्की!" आमच्यात गूळ खाणे म्हणजे सगाई होणे. शितलला ते ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "मग आता थुकून देऊ का मामा?" सगळे हसले. तीही हसली. मी हसलो नाही. माझ्याकडे पाहून तिचे हसणे बंद झाले.

मामाने ही गोष्ट चार तांड्यांत सांगितली. ती शितलच्या वडिलांच्या कानावर गेली. श्री. प्रेमदास पवार विद्यालयात येऊन सरांना म्हणाले, "गूळ काय असते ते मला कळते सर. माझ्या पोरीला कळत न्हाई. तुमच्यासमोर झालं हे." तेव्हापासून शितल क्लासला आलेली नाही. उद्या तिची परीक्षा आहे, परीक्षक बाहेरगावाहून येणार आहेत. ही परीक्षा झाली की सर तिला विद्यालयातच शिकवायला घेणार होते.

आज सकाळी, तिला परीक्षेला सोडा, असे सांगायला मी श्री. पवार यांच्या घरी गेलो. त्यांनी तोंडावर दार लावले. मला राग आला. मी दाराला लाथ मारली, आतली कडी निघाली. ते बाहेर आले व "जावई होऊन आला का रे?" असे म्हणाले. मी त्यांची कॉलर धरली. झटापटीत ते ओट्यावरून पडले, कोपर फुटले. शितलने येऊन त्यांना उठवले. मला म्हणाली, "काहून आला तू? आधीच तुझ्यापायी घरात बसून हाय मी." मी तिथेच ओट्याखाली बसून राहिलो. पोलीस आले तेव्हाही बसलेलोच होतो.

पोरीचा यात काही हात नाही असे पोराने सांगावे, मग तिला परीक्षेला पाठवतो, असे श्री. पवार ठाण्यात बोलले. त्यावरून सांगतो की, शितलने मला कसलाही शब्द दिलेला नाही. आम्ही दोघे कधी कुठे गेलो नाही. गूळ तिला न सांगता खाऊ घातला, ती सगाई नाही. तांड्यावर पंचांसमोरही मी हेच बोलेन. उद्या साथीला सरांनी दुसऱ्या कोणालाही बसवावे. मी उद्या हिंगोलीत राहणार नाही.

शितलचे तुझ्यावर प्रेम होते काय, असे विचारले असता सांगतो की, नाही. तिने तसे कधी बोलून दाखवले नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. श्री. पवार बाकावर बसून ऐकत होते. शेवटचे वाक्य ऐकून त्यांनी मान वर केली व "बोलून न्हाई दाखवलं म्हंजे?" असे विचारले. ते वाक्य माझ्या सांगण्यावरून खोडले असून "नाही" एवढेच ठेवले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरवला आहे व तो बरोबर आहे.

सही
विकास बाबूसिंग राठोड