निळं पडलेलं पातं

एकच? एकच पातं बदलून हवंय म्हणता? अहो, चपलेचा एक पाय विकत घेता का तुम्ही कधी? रंधा मशीनच्या ड्रमवर पाती तीन, तिन्हींची उंची सारखी लागते, वजन सारखं लागतं — एक नवं आणि दोन झिजलेली बसवलीत की काम करणार एकटं नवं, बाकीची दोन नुसती फिरणार हवा खात — ड्रम थरथरणार, फळीवर लाटा उठणार, आणि मग तुम्ही म्हणणार मशीन वाईट. नाचता येईना अंगण वाकडं! आणा इकडे. असं नाही, पाठीला धरा, धारेला नाही. तशीच उघडी पिशवीत टाकून आणलीत? वा! म्हणजे रस्ताभर एकमेकांवर आपटत आली. नवीन दिसताय या धंद्यात — नोकरी सोडून लाकडाच्या नादाला लागलात, होय ना? वाटलंच. बोटं अजून पूर्ण आहेत.

कार्बाइडची? कुणी डोक्यात भरवलं हे? प्लायवूड रंधता? डिंकानं चिकटवलेले तुकडे रंधता? नाही ना? मग साध्या लाकडाला साधं पोलाद पुरे. कार्बाइड टिकतं, कोण नाही म्हणतो, पण एक खिळा लागू द्या, की म्हातारीच्या दातासारखं तुकड्यांनी गळतं. आणि निगा कशी राखायची ते विचारत नाही तुम्ही — विकत काय घ्यायचं तेवढंच विचारता, सगळे तसेच. राळ चिकटली की रॉकेलच्या फडक्यानं पुसायची, वर तेलाचा हात. बसवताना मागच्या टेबलावर सरळ पट्टी ठेवायची, ड्रम हातानं फिरवायचा — प्लग काढून, प्लग! — प्रत्येक पात्यानं पट्टीला नुसतं शिवलं पाहिजे. एकानं जास्त ओढलं की ते वर आलंय. एवढंच. यात काही वेदान्त नाही.

थांबा. ही धार कुणी लावली? नका सांगू, कळलं मला. हे बघा, तिन्ही काचेवर उभी करतो — फिरवा अंगठा पाठीवरून. मधलं खाली आहे ना? शाबास. ही माझ्या सूनबाईची करामत. मुलगा म्हणतो, बाबा, तुमचं वय झालं, तुम्ही गल्ल्यावर बसा, धारेचं ती बघेल — आणि मी मेलो तरी गल्ल्यावर बसणार नाही. चाळीस वर्षं त्या धारेच्या फिरत्या दगडापुढं बसलोय. सध्या अर्धी पाती ती करते, अर्धी मी. दिवाणखान्यात बसून स्वेटर विणावा तशी धार लावते, गिऱ्हाईक आलं की गोड बोलते, आणि लोकांना वाटतं काम चांगलं! असा पुरावा मी कधीपासून शोधत होतो. आज ही पाती मुलासमोर टाकतो आणि तिला त्या दगडावरून उठवतोच.

काय? निळं? कुठं निळं? — हो, हो, टोकाला, दिसतंय की मला, मी काय आंधळा आहे? तेच सांगणार होतो. निळं पडलं म्हणजे पातं तापलं, पोलादाचं पाणी उतरलं, आता कितीही धार लावा, दोन फळ्यांत बोथट. दगडावर दाबून धरलं आणि रंग बदलतोय ते बघितलंच नाही. एवढं ढळढळीत निळं ज्याला दिसत नाही त्यानं दगडाजवळ फिरकू नये! — सूनबाई! जरा बाहेर या! — आता बघा मजा.

हे काय काढलंत पिशवीतून? सायकलच्या ट्यूबची पट्टी... पाती हिच्यात बांधून दिली होती? इथून? नाही हो, ती प्लास्टिकच्या डबीत देते. ट्यूबची पट्टी मी — ती माहेरी गेली होती तेव्हा? म्हणजे तुम्ही माझ्याकडूनच... नाही, तुम्हाला आठवत नाही नीट. तुमच्या लाकडात खिळा असेल. खिळ्यानं निळं होत नाही, ठाऊक आहे मला, तुम्ही मला शिकवू नका! घाला ती पिशवीत. आधी घाला, ती येतेय.

काही नाही गं, उगाच हाक मारली. यांना तीन नवी पाती हवीत. असू दे, तू नको बघूस ती — बघितलीस? बरं. बोल की मग. खणात कशाला टाकतेस ती? — हे काय वाजलं? किती पाती आहेत त्या खणात? कुणाची? मी धार लावलेली? सगळी? आणि गिऱ्हाइकांना तू बदलून नवी देत होतीस... मुलाला ठाऊक आहे? त्यालाही नाही सांगितलंस?

तुम्ही काय तोंडाकडं बघताय? मिळाली ना पाती? तिन्ही एकदम बसवा, सांगितलंय. निघा आता.