जिनिंग बंद असेपर्यंत

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आपल्या नगराध्यक्षा विजयमालाताई. बदली होऊन चाललेले मुख्याधिकारी, सत्कारमूर्ती धर्मपालसाहेब. मंचावर मधोमध बसलेले, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगचे मालक देवीलालशेठ. शेवटी आभार मानायचे म्हणून आतापासूनच घसा साफ करून राह्यलेले रामधन गुरुजी. समोरच्या माझ्या लेकीबाळी, भाऊबंद, आणि नुसती चिवड्यासाठी आलेली मंडळी. तुम्हा सर्वांले माझा नमस्कार.

माझ्या हातातला हा कागद शोभेचा आहे. मी सांगितलं, नात सुरभीनं लिहून घेतलं. वाचता येत नाही मले, पण मंचावर रिकाम्या हातानं उभं राहिलं की माणूस अडाणी दिसते, म्हणून धरला.

विजयमालाताई म्हणाल्या, "आजी, साहेबाविषयी दोन शब्द चांगले बोला." बोलते. साहेब चांगले आहेत. झाले ना ताई दोन शब्द? आता बाकीचे ऐका.

जिनिंगच्या मागच्या गल्लीत पायी आलेले हे पहिले साहेब. याच्या आधीचे गाडीची काच खाली करून पाहत, अन् काच वर करून जात. कायले थांबतील? दसरा झाला, कापसाच्या गाड्या लागल्या, की आमच्या गल्लीत जे घरघर सुरू होते ते होळी विझली तरी विझत नाही. दिवस नाही, रात नाही. आमच्याकडे कोणी बोलत नाही, सगळे ओरडतात. नवीन सुनेले वाटते, सासू खेकसून राह्यली. खेकसतेही, पण प्रत्येक वेळी नाही.

आमच्या भिंतीले भिंत लागून रहमतबी राहते. तिचे कान या आवाजातच गेले. ती म्हणते, "मैं तो छूट गई बाई, अब तू सुन."

पण मले ऐकायचं होतं ते वेगळंच. आमच्या घरच्यायले मागच्या उन्हाळ्यात लकवा झाला. हा माणूस बांधावरून बैलाले हाक मारे तर पलीकडच्या शिवारातला गडी दचकून उभा राहे. त्यायचा आवाज आता सुपात तांदूळ सरकावे तेवढाच राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, यांना बोलतं ठेवा. बोलत राहिले तर थोडं सुधारतील. गप्प बसले, तर आहे तेही जाईल."

बोलतं कसं ठेवू, सांगा? उन्हाळा-पावसाळा बरा गेला. पाणी मागत, सुरभीले हाक मारत, एकदा तर मी भाजीत मीठ विसरली म्हणून मले भैताड म्हणाले. एवढा आनंद झाला! मग कापूस आला. त्यायच्या तोंडाले कान लावला तरी मले जिनिंगच ऐकू येई. एकदा "काय?" म्हटलं की पुन्हा सांगत. दुसऱ्यांदा "काय?" म्हटलं की भिंतीकडे तोंड फिरवत. म्हणून मी नगरपंचायतीत गेली. दुसरं काही नाही मागितलं. जिनिंगच्या अन् गल्लीच्या मधात आवाज अडवणारी उंच भिंत मागितली.

साहेबांनी ऐकलं. सभेत विषय ठेवला, ठराव एकमतानं झाला, निधी धरला. सभेचे मेंबर म्हणून शेठनंही हात वर केला होता, मंचावरून मान डोलवून राह्यलेत पाहा. फक्त एक अट होती. जिल्ह्यावरून आवाज मोजणारे येतील, ते म्हणतील आवाज जास्त आहे, मग पैसा सुटेल. आम्ही म्हटलं, मोजा बाप्पा! याच्यासाठी यंत्र कायले पाहिजे, रहमतबीचे कान पाहा.

आता आपल्या गावाची रीत तुम्हाले ठाऊक आहे. पाहुणा साहेब आला आणि त्याले शाल-नारळ न देता पाठवला, असं कधी झालं का? मोजणीच्या दिवशी गल्लीत मंडप पडला. खुर्च्या लागल्या. मले ताट घेऊन ओवाळायले पुढं उभं केलं. आणि स्वागतपर भाषण कोणाचं? रामधन गुरुजीचं! खाली कायले पाहता गुरुजी? वर पाहा.

गुरुजी उठले, माइक घेतला, दोन वाक्यं बोलले अन् थांबले. म्हणाले, "काहीच ऐकू येत नाही. पाहुण्यांचा अपमान होते." गोपाल शिपायाले जिनिंगमध्ये पिटाळलं की थोडा वेळ यंत्रं थांबवा. शेठ मोठ्या मनाचे. लगेच थांबवलं.

काय शांतता झाली हो! लिंबावरचे पोपट ऐकू आले. गुरुजी खुलले. थेट गावाच्या स्थापनेपासून सुरू झाले. आणि जिल्ह्याचे साहेब सज्जन माणूस. बसल्या बसल्या त्यायनं यंत्र पेटीतून काढलं, टेबलावर ठेवलं, आकडे घेतले, चहा घेतला, शाल घेतली अन् दारव्ह्याच्या रस्त्याले लागले. त्यायले पुढं आणखी दोन गावं होती.

आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. आम्ही टाळ्या वाजवून राह्यलो होतो.

पुढचं तुम्हाले माहीत आहे. आवाज मर्यादेत आहे, असं वरून आलं. सभेत म्हणाले, जो आवाज नाही त्याच्यासाठी सरकारी पैसा कसा खर्चावा? तो निधी वळवला. या सभागृहाले पडदे आले, गादीच्या खुर्च्या आल्या, हा माइक आला. माइक चांगला आहे ताई. माझा श्वासही ऐकू येते.

मी या धर्मपालसाहेबाकडे गेली. ते म्हणाले, "आजी, तुमच्या गल्लीतला आवाज मी माझ्या कानानं ऐकलाय. पण माझे कान कागदावर धरत नाहीत. पुन्हा मोजणी लावतो." खोटं नाही बोलले. लावणारच होते. तेवढ्यात बदली आली. आता नवीन साहेब येतील, ते पुन्हा पहिल्यापासून विचारतील, "कोणती गल्ली?" तोवर आणखी एक कापूस येईल.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मंडपातून घरी पोचली तोवर जिनिंग सुरू झालं होतं. घरात रहमतबीले बसवून गेलती. ती हसून राह्यली होती. म्हणे, "भाऊ आज बहुत बोले. तेरा नाम लिया शायद. हँसे भी."

मी तिच्या कानाशी ओरडली, "काय बोलले?"

"मुझको पूछती है?" रहमतबी म्हणे. "मेरे को क्या सुनाई देता?"

मी खाटेजवळ बसली. म्हटलं, पुन्हा सांगा हो. त्यायनं ओठ हलवले. मी म्हटलं, "काय?" पुन्हा हलवले. मग भिंतीकडे फिरले. त्या दिवसापासून ओठही हलवत नाहीत. सुरभी म्हणते, आजी, आबा थकले. मले माहीत आहे कशानं थकले.

साहेब, तुमच्या जाण्यानं वाईट वाटते, पण तुम्ही राहिले असते तर भिंत झाली असती, असं मी स्वतःले समजावू शकत नाही. शेठवरही राग नाही. अर्ध्या गावाची चूल तिथं पेटते. गुरुजीवर थोडा आहे.

आता तुमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं का, की मी इतक्या वेळची ओरडून नाही राह्यली? भाषणं ऐकू यावी म्हणून शेठनं आजही जिनिंग बंद ठेवलं आहे. आभार झाले की सुरू. मी आल्यापासून तेच मोजून राह्यली.

म्हणून मी आता थांबते. माझ्या नावाची शाल आहे म्हणे, ती सुरभीजवळ द्या. मले बोलावलं, एवढा वेळ ऐकून घेतलं, उपकार झाले. मोठ्या माणसायच्या मंचावर जीभ घसरली असेल तर म्हातारी समजून सोडून द्या. घरी गेल्यावर ते न बोलले तर? नाही बोलले तर नाही. निदान ते बोलत नाहीत, एवढं तरी मले स्वच्छ ऐकू येईल.

अन् गुरुजी, तुम्हाले जन्मात कोणी म्हटलं नसेल ते मी हात जोडून म्हणते. मंडपवाला, चहावाला, खुर्च्या पुसणारा, कोणालेच सोडू नका. पाहिजे तर गावाच्या स्थापनेपासून सुरू करा. माझं घर त्या टोकाले आहे अन् माझे गुडघे दुखतात.

उठा गुरुजी. आणि लवकर बसू नका.