ड्रॅगनचं चारापाणी

अगं, परवाची गंमत ऐक! गोरेगावहून सेनगावला जाणाऱ्या जीपमध्ये मी माझ्या मैत्रिणीला, शीतलला, माझी लाडकी कादंबरी गळ्यात मारून राहिले होते. "राजकुमारी शत्रूच्याच प्रेमात पडते! ड्रॅगनवर बसून दोघं सात दिवस आभाळात!" शीतल मोबाइलमधून डोकं वर काढेना.

मांडीवर करडू घेऊन बसलेले एक मामा मात्र म्हणाले, "थांब पोरी. सात दिवस त्या जनावराला चारापाणी कोणी केलं?"

दोनदा वाचलं मी पुस्तक, पण हे कधी डोक्यातच आलं न्हाई! "मामा, तसं काही लिहिलेलंच न्हाई."

"मंग कसलं डोंबलाचं प्रेम त्यांचं?" सगळी जीप मामांच्या बाजूनं!

उतरताना मामांनी हात पुढं केला. "दे ते पुस्तक. नात वाचून दाखवील. पण जनावर उपाशी मेलं, तर तुझ्या घरी येतो बघ!"