फॉर आणि अगेन्स्ट

"हॅलो? … हां, बोल दीक्षा. थांब हं, कोळंबी सोलतेय, हात बरबटलेत… हां, बोल आता. उद्या दहाला हायस्कुलात ये, दाखला घेऊन. नववीचे प्रवेश उद्या संपतात. … काय? … येणार न्हाय म्हणजे?"

चौलच्या हेमालीबाईंनी कोळंबीचं ताट बाजूला सारलं. किहीमजवळच्या त्यांच्या शाळेत वर्ग आठवीपर्यंतच. दीक्षासारखी मुलगी त्यांना इतक्या वर्षांत मिळाली नव्हती.

"आई नको म्हणाली? … नाही? मग? … तूच ठरवलंस? … लिहून काढलंस? कुठे, इंग्रजीच्या वहीत?"

हे खूळ बाईंचंच. त्या उत्तरं पाठ करून घेत नसत. पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे 'फॉर', उजवीकडे 'अगेन्स्ट', आणि प्रत्येक वाक्यात 'बिकॉज' हवाच. मराठीत पोरं घरच्यांचंच बोलून दाखवतात, परक्या भाषेत तयार वाक्यं नसतात, मग झक मारत स्वतःचं डोकं चालवावं लागतं, असं त्या भेटेल त्याला सांगायच्या. बाकीचे शिक्षक हसायचे.

"वाच बरं. … हो… हो, 'बिकॉज' ऐकलं. आजी अंथरुणाला… आई सातला पर्यटकांच्या कॉटेजवर कामाला जाते… मग आजीला कुशीवर कोण वळवणार, बरोबर… अगं पण ऐक ना! शेजारच्या रंगूमावशी? … त्यापण कामाला? … मग आजीला चुलत्यांकडे… विचारलंस? … न्हायच म्हणाले?

"बरं, दुसरी बाजू वाच. … छान लिहिलंयस गं. फारच छान. मग हीच बाजू जड नाही का? शिकलीस की नोकरी… पुरावा? … प्राप्तीताई कोण? … बी.ए. झालेली? … आणि आईबरोबर त्याच कॉटेजात चादरी धुते…

"अगं, सगळ्यांचं तसं होत नाही! … किती जणी? … तुमच्या वाडीतल्या शिकलेल्या पाच… पाचही कॉटेजातच? … हो, एका उदाहरणावर जाऊ नका, मोजा, असं मीच सांगितलं होतं.

"घरी बसून दहावी देता येते, तसा फॉर्म असतो… वाडीतल्या कोंडाजीच्या सुनेने भरला होता? … पुस्तक उघडायलाच मिळालं नाही… हं."

बाई ओट्याला टेकल्या. कुठे फट सापडते का ते त्या शोधत होत्या, आणि पोरीने फट ठेवलीच नव्हती. इतका नीट विचार आजवर एकाही मुलाने करून दाखवला नव्हता. त्यांना अभिमान वाटला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच.

"नाही गं, रडत नाहीये… काय विचारतेस? … कुठलं वाक्य चुकलंय? … नाही चुकलं. एकही नाही. … दीक्षा, बास! पुरे झालं ते वहीतलं. उद्या दहाला यायचं म्हणजे यायचं. … इंग्रजीत 'व्हाय' काय विचारतेस? … मी सांगते म्हणून! जास्त डोकं चालवू नकोस. मोठ्यांनी सांगितलं की मुकाट ऐकायचं!"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? … दीक्षा? … बाळा, तसं नाही गं… हॅलो?"

पोरीने फोन ठेवला होता. पुन्हा लावायला बाईंनी नंबर काढला. पण 'मी सांगते म्हणून' याशिवाय सांगायला दुसरं कारण त्यांच्याकडे नव्हतं.